थोरल्या बाजीरावसाहेबांची मृत्युतिथि व निमाडचा उन्हाळा

थोरले बाजीरावसाहेब पेशवे यांचा अंत शके १६६२ च्या वैशाख शुद्ध त्रयोदशीस नर्मदातीरीं रावेरखेडी येथें झाला, हें सर्वश्रुत आहे. इंग्रजी तारीख २८ एप्रिल १७४० अशी ग्रंथोग्रंथीं दिलेली आढळते. त्या वेळीं त्यांस चाळिसावें वर्ष चालूं होतें. त्या वर्षाच्या आरंभीं निजामपुत्र नासिरजंग याच्याशीं झालेल्या युद्धाचा शेवट मुंगीपैठणच्या तहानें होऊन हंडिया व खरगोण हे नर्मदाकांठचे प्रांत त्यांस जहागीर म्हणून मिळाले होते. त्यांची व्यवस्था लावण्यासाठीं ते निमाडांत गेले आणि तेथेंच अल्पकाळच्या दुखण्यानें वारले. नर्मदेच्या दक्षिण तीरावरील त्यांची समाधि आजहि उभी आहे.

मृत्यूचें कारण म्हणून जुन्या लेखनांत ज्वर सांगितला आहे. अलीकडे लिहिल्या जाणाऱ्या चरित्रांत व व्याख्यानांत मात्र ज्वराच्या जागीं ‘उष्माघात’ हा शब्द येऊं लागला आहे. प्रथम तो ‘बहुधा’ या शब्दासह येत असे. पुढें ‘असावा’ एवढाच संशय उरला. आतां तर पुष्कळ ठिकाणीं ‘उष्माघातानें मृत्यु’ असें निःसंदिग्ध विधान केलेलें दिसतें. या प्रवासांत नवा कागद कोणताहि उपलब्ध झालेला नाहीं. तेव्हां या विधानास आधार किती, हें तपासणें अवश्य आहे. तपासतांना दोन प्रश्न निरनिराळे ठेवले पाहिजेत. पहिला, तो दिवस सौरमानानें वर्षाच्या नेमक्या कोणत्या भागांतला. आणि दुसरा, त्या दिवसांतील उष्णतेवरून मृत्यूच्या कारणाविषयीं काय सिद्ध होतें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर गणितानें निश्चित देतां येतें, आणि तें प्रचलित समजुतीहून किंचित् निराळें आहे.

१. तारखेचा प्रश्न

ग्रेगरी पोपनें इ. स. १५८२ मध्यें केलेली पंचांगसुधारणा पोर्तुगाल, स्पेन इत्यादि राष्ट्रांनीं तत्काळ स्वीकारली. इंग्लंडानें ती इ. स. १७५२ मध्यें स्वीकारली. त्या वर्षीं इंग्लंडांत २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशीं १४ सप्टेंबर मोजण्यांत आला. म्हणजे इ. स. १७०० नंतर १७५२ पर्यंत जुन्या व नव्या पद्धतींच्या तारखांत अकरा दिवसांचें अंतर होतें. मराठी इतिहासांत १७५२ पूर्वीच्या ज्या तारखा रूढ आहेत त्या प्रायः जुन्या पद्धतीच्या आहेत. अभ्यासकांस हें ठाऊक असतें; परंतु लिहिण्याच्या ओघांत त्याचा विसर पडतो.

याची पडताळणी करण्यास पुण्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला, आणि तो दिवस शनिवार होता म्हणूनच वाड्यास तें नांव पडलें असें सांगतात. जुन्या पद्धतीनें १० जानेवारी १७३० या दिवशीं शनिवारच येतो. नव्या पद्धतीनें तीच तारीख मोजल्यास मंगळवार येतो. वाड्याचें नांवच तारखेच्या पद्धतीची साक्ष देत आहे. दुसरें उदाहरण वसईचें. वसईचे पोर्तुगीज शरण आले तो दिवस आपल्याकडील ग्रंथांत ५ मे १७३९ असा, तर पोर्तुगीज गणनेनें १६ मे १७३९ असा येतो. घटना एक, दिवस एक. अंतर केवळ पंचांगाचें. ज्यांस हें माहीत नसतें त्यांस दोन साधनांत विरोध भासतो.

आतां बाजीरावसाहेबांच्या तिथीकडे वळूं. चंद्राच्या मध्यम गतीवरून गणित केलें असतां नव्या पद्धतीच्या २८ एप्रिल १७४० रोजीं वैशाखाची दुसरी-तिसरी तिथि येते. त्रयोदशी येऊं शकत नाहीं. जुन्या पद्धतीच्या २८ एप्रिलास, म्हणजेच नव्या पद्धतीच्या ९ मे १७४० रोजीं, त्रयोदशी बरोबर जुळते. वार सोमवार येतो. यास्तव आज आपण ज्या पंचांगानें मे महिना मोजतों त्या पंचांगानें हा मृत्यु मे महिन्याच्या ९ तारखेचा आहे. अक्षय्यतृतीया होऊन दहा तिथि लोटल्या होत्या, वैशाखी पौर्णिमा दोन तिथींवर होती आणि सूर्यानें कृत्तिका नक्षत्रांत नुकताच प्रवेश केला होता. सरकारी हिशेबाच्या सुहूर सनाचें ‘अर्बैन मया व अलफ’ हें वर्ष सरत आलें होतें. कारण सुहूर वर्षाचा आरंभ मृगाबरोबर होतो आणि मृगास अद्याप जवळजवळ चार आठवडे अवकाश होता.

अकरा दिवसांनीं काय फरक पडतो, असें कोणी विचारील. राजकीय घटनांच्या क्रमांत कांहींच पडत नाहीं, कारण सर्व तारखा एकाच पद्धतीच्या असल्यानें त्या सारख्याच सरकतात. परंतु जेथें ऋतूचा संबंध येतो, जेथें जुन्या काळच्या दिवसाची आजच्या वेधशाळेच्या आंकड्यांशीं तुलना करावयाची असते, तेथें हा फरक उपेक्षणीय नाहीं. रावेरखेडीचें अक्षांश सुमारें २२ आहेत. एप्रिल २८ रोजीं सूर्याची उत्तर क्रांति सुमारें १४ अंश असते, ९ मे रोजीं ती १७ अंशांहून अधिक होते. म्हणजे माध्यान्हीं सूर्य खमध्यापासून आठ अंशांवर न राहतां पांच अंशांवर येतो. दिवस मोठा होतो, रात्र लहान होते, जमीन रात्रीं निवण्यास अवसर कमी मिळतो. निमाडासारख्या प्रांतांत मे महिना हा वर्षांतील सर्वांत तापणारा महिना होय. उष्माघाताचा पक्ष मांडणाऱ्यांनीं आपला एक पुरावा न वापरतांच टाकून दिला आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

२. निमाडचा उन्हाळा

निमाड हा विंध्य व सातपुडा या दोन पर्वतांच्या मधला नर्मदेचा सखल पट्टा आहे. समुद्राचें वारें तेथवर पोहोंचेपर्यंत शुष्क होतें, आणि दोहों बाजूंच्या डोंगरांमुळें तापलेली हवा खोऱ्यांत कोंडून राहते. खरगोण येथें उन्हाळ्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाणें ही नित्याची गोष्ट आहे. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच व घाटमाथ्याच्या जवळ असल्यामुळें येथील उन्हाळा त्या मानानें सौम्य. पुण्याच्या वेधशाळेंतील उच्चांक ४३.३ अंश हा असून तो ३० एप्रिल १८९७ रोजीं नोंदला गेला. २८ एप्रिल २०१९ रोजीं पारा ४३ अंशांपर्यंत गेला तेव्हां शहरांत त्याची मोठी चर्चा झाली. पुणेकरांस जें शतकांतून एखाद्या वेळीं भोगावें लागतें त्याहून अधिक निमाडकर प्रतिवर्षीं भोगतात.

पृथ्वीवरील अतितप्त स्थळांचा विचार केल्यास निमाडहि सौम्यच म्हणावें लागेल. हिंदुस्थानांतील आजवरचा उच्चांक राजस्थानांतील फलोदी येथील ५१ अंश हा असून तो १९ मे २०१६ चा आहे. अमेरिकेंतील डेथ व्हॅली या खोऱ्यांत १० जुलै १९१३ रोजीं ५६.७ अंश नोंदले गेले, व तोच आज जगाचा अधिकृत उच्चांक मानतात. इराणांतील लूत वाळवंटाची जमीन ८० अंशांपर्यंत तापते असें उपग्रहांच्या साहाय्यानें दिसून आलें आहे. मात्र तो भूपृष्ठाचा ताप, सावलींतील हवेचा नव्हे. हे दोन आंकडे एकमेकांपुढें ठेवणें म्हणजे तोळे व कोस यांची बेरीज करणें होय. निमाडांत मुक्काम करणाऱ्या लष्करास मात्र या दोन्ही तापांशीं गांठ होती: डोक्यावर हवेचा, आणि तळव्यांखालीं जमिनीचा.

३. उष्णतेची नोंद व तिची परीक्षा

आपल्या पूर्वजांनीं पर्जन्य मोजला. उष्णता मोजली नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत कोष्ठागारांत ठेवावयाच्या वर्षमानाचा निर्देश आहे आणि निरनिराळ्या देशांत पाऊस किती द्रोण पडतो हेंहि दिलें आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत पर्जन्यमापनाचा विचार आहे. पाऊस भांड्यांत सांठतो, म्हणून तो मोजतां आला. ताप कोणत्याहि भांड्यांत सांठत नाहीं. त्यामुळें उष्णतेचें वर्णन झालें, मापन झालें नाहीं. ऋतुसंहाराचा आरंभच ग्रीष्मानें होतो, आणि त्यांत जलयंत्रगृहें, चंदन, मोराच्या पिसाऱ्याखालीं आश्रय घेणारा सर्प हें सर्व येतें. पण त्या ग्रीष्माचा ताप किती, हें त्यावरून सांगतां येणार नाहीं. आपल्या लोकभाषेंतहि वैशाखवणवा, रोहिणीचें ऊन, झळ, काहिली असे शब्द पुष्कळ. आंकडा कोठेंहि नाहीं.

तथापि आंकडा आला म्हणजे संशय संपला असें मात्र समजूं नये. याविषयीं एक उदाहरण कागदपत्रांच्या अभ्यासकांनीं अवश्य लक्षांत ठेवावें असें आहे. लिबियांतील अल् अझीझिया या ठिकाणीं १३ सप्टेंबर १९२२ रोजीं ५८ अंश तापमान नोंदलें गेलें, आणि नव्वद वर्षें तें जगांतील उच्चांक म्हणून शाळांच्या भूगोलांत छापलें जात होतें. पुढें जागतिक हवामान संघटनेनें नेमलेल्या तज्ज्ञांनीं मूळ नोंदवहीचें पान मिळविलें. त्या दिवसांत वहींतील हस्ताक्षर बदललें होतें; नवा लेखक बहुधा अननुभवी होता; आंकडे चुकीच्या रकान्यांत पडले होते. वापरांतील तापमापक जुन्या धर्तीचा असून त्यांतील दर्शक-कांटीच्या कोणत्या टोकाशीं वाचन करावयाचें हें न कळल्यास सुमारें सात अंशांची चूक होऊं शकत होती. शेजारच्या केंद्रांच्या त्याच दिवसांच्या नोंदींशीं हा आंकडा जुळत नव्हता, आणि त्याच केंद्राच्या पुढील नोंदींशींहि जुळत नव्हता. हें सर्व पाहून १३ सप्टेंबर २०१२ रोजीं तो उच्चांक रद्द ठरविण्यांत आला.

वाचकांस हें वाचतांना आपल्याच व्यवसायाची आठवण होईल. हस्ताक्षराचा पालट ओळखणें, लेखकाचा अधिकार तपासणें, समकालीन स्वतंत्र साधनाशीं ताडून पाहणें, हीच आपलीहि रीत. राजवाडे यांनीं अस्सल कागदाचा आग्रह धरला तो याचसाठीं. यंत्राच्याहि बखरी होतात, एवढाच याचा अर्थ. आपल्याकडेहि ३० मे २०२४ रोजीं नागपुरांतील एका स्वयंचलित केंद्रानें ५६ अंश दाखविल्यानें खळबळ उडाली. चौकशीअंतीं तो यंत्राचा दोष ठरला. नागपुराचा मान्य उच्चांक २३ मे २०१३ चा ४७.९ अंश हा आहे, व माणसाच्या देहास तोहि थोडा नव्हे.

हिंदी हवामानखात्याचें मुख्य कार्यालय इ. स. १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें. पुढें १९४४ मध्यें तें दिल्लीस गेलें, तरी शिवाजीनगरच्या त्या चौकास लोक अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, आणि देशाच्या हवामानाच्या जुन्या नोंदींचा मोठा संग्रह पुण्यांतच आहे. एका बाजूस पेशवे दप्तर व दुसऱ्या बाजूस हवामानाचें दप्तर, अशी दोन दप्तरें ज्या शहरांत आहेत तेथें त्यांची एकमेकांशीं गांठ घालण्याचा यत्न व्हावयास हवा.

४. घरचा उन्हाळा व मोहिमेचा उन्हाळा

आंकड्यांच्या अभावीं त्या काळची उष्णता कशी ओळखावी? आमच्या मतें लोकांनीं तिच्याविरुद्ध जी व्यवस्था केली तीच तिची नोंद होय. पुण्यांत ही नोंद विपुल आहे. पेशवाईंतील वाड्याची भिंत दगडविटांची व रुंद. दिवसाचा ताप तिच्यांतून आंत येईपर्यंत संध्याकाळ होते. मध्यें उघडा चौक. रात्रीं थंड हवा तेथें उतरते व सभोंवतालच्या सोप्यांत पसरते. शनिवारवाड्यांतील हजारी कारंजें हें वैभवाचें चिन्ह खरें, तथापि उडत्या तुषारांनीं हवा निवते हेंहि खोटें नाहीं. नानासाहेब पेशव्यांनीं इ. स. १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावांतून बांधीव नळानें शहरांत पाणी आणिलें, मार्गांत उच्छ्वास बांधिले आणि पेठांतून हौद भरविले. काळा हौद, सदाशिव पेठेंतील हौद ही नांवें त्याच व्यवस्थेचीं. ज्या पेठेंतील बाईस वैशाखांत घागर भरण्यासाठीं नदीपर्यंत उन्हांत जावें लागत असे तिला हौदाचा अर्थ काय वाटला असेल, हें राजकीय इतिहासांत सांपडणार नाहीं.

घरोघरच्या आचारांतहि तीच नोंद आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास कैरीचें पन्हें, आंब्याची डाळ व भिजविलेले हरभरे, अक्षय्यतृतीयेस उदकुंभाचें दान, चव्हाट्यावर पाणपोई, पंढरपुरास विठ्ठलाच्या अंगीं चंदनाची उटी. वाग्भटानें अष्टांगहृदयांतील ऋतुचर्याध्यायांत ग्रीष्मासाठीं जें सांगितलें आहे तें याच्याशीं पडताळून पाहावें. खारट, तिखट व आंबट पदार्थ, व्यायाम आणि ऊन हीं वर्ज्य; मधुर, लघु, स्निग्ध, शीत व द्रव अन्न घ्यावें; मातीच्या भांड्यांत थंड केलेलें पानक प्यावें; आणि एरव्हीं निषिद्ध असलेली दिवसाची झोंप या एका ऋतूंत विहित. शास्त्र व स्वयंपाकघर यांची येथें एकवाक्यता आहे, फक्त कैरीच्या आंबटपणास घरच्या बायकांनीं गुळानें आवर घातला आहे.

वाळ्याचा पडदा व मातीचा माठ यांमागील तत्त्व एकच. पाण्याची वाफ होतांना तें सभोंवतालची उष्णता शोषून घेतें. आपला घामहि हेंच कार्य करितो. हवा जितकी कोरडी तितकें हें कार्य चांगलें होतें. म्हणून देशावर माठ थंड होतो आणि कोंकणांत तसा होत नाहीं. तापमापकाच्या फुग्यास ओलें फडकें गुंडाळून जो अंक येतो तो ३५ अंशांवर गेला असतां निरोगी मनुष्यहि सावलींत स्वस्थ बसून फार वेळ तगूं शकत नाहीं, असें इ. स. २०१० मध्यें शास्त्रज्ञांनीं गणितानें दाखविलें. पुढील प्रयोगांत तर सहनशक्तीची मर्यादा याहूनहि खालीं असल्याचें आढळलें. निमाडची हवा वैशाखांत कोरडी, म्हणून तेथें घाम उपयोगी पडतो; परंतु त्या घामापुरतें पाणी व मीठ पोटांत गेलें पाहिजे, आणि अंगास विश्रांति मिळाली पाहिजे.

मोहिमेवरील मनुष्यास यांतलें काय मिळत होतें? रुंद भिंत नाहीं. कापडाचा तंबू किंवा पाल. चौक नाहीं, उघडें मैदान. मराठी फौजा दसऱ्यास बाहेर पडत आणि मृगापूर्वीं घरीं किंवा छावणीस पोहोंचत. म्हणजे स्वारीच्या वर्षाचा शेवट नेमका वैशाख-ज्येष्ठांत होई. नद्यांस उतार असतो, पिकें निघालेलीं असतात, म्हणून लष्करी दृष्ट्या हा काळ सोयीचा. देहाच्या दृष्टीनें अत्यंत गैरसोयीचा. वसईचा वेढा याच दिवसांत संपला. मोठा सरदार पालखींत बसे, नदीकांठच्या झाडाखालीं त्याचा डेरा पडे. पण बारगीर, हुजऱ्या, ओझेकरी व बैलाबरोबर चालणारा वंजारी यांच्या वाट्यास उन्हाचा पुरा भाग येई. बाजीरावसाहेब तर जवळजवळ वीस वर्षें घोड्यावर बसून हिंडलेले. स्वारीच्या कष्टांत सरदार व शिपाई असा भेद ते फारसा ठेवीत नसत, ही त्यांची ख्याति आहे. ती खरी असेल तर उन्हाचाहि भेद त्यांनीं फारसा ठेविला नसावा.

५. ज्वर कीं उष्माघात

आतां दुसरा प्रश्न. उष्माघातांत देहाच्या अंतर्भागाची उष्णता ४० अंशांहून वर जाते, बुद्धीस भ्रम होतो, मनुष्य बरळतो किंवा बेशुद्ध पडतो, आणि तत्काळ अंग निवविलें नाहीं तर कांहीं तासांत अथवा एकदोन दिवसांत प्राण जातो. बाह्यतः पाहणारास हा तीव्र ज्वरच दिसतो. ज्या काळीं तापमापक नव्हता, व हातानें अंग चाचपून ताप ठरविला जात असे, त्या काळच्या वैद्यानें किंवा कारकुनानें त्यास ज्वर म्हणावें हें स्वाभाविक आहे. माधवनिदानांत रोगवर्णनाचा आरंभ ज्वरानेंच होतो, आणि त्या एका शब्दाच्या पोटांत आज ज्यांस आपण हिंवताप, विषमज्वर, फुप्फुसदाह इत्यादि निरनिराळीं नांवें देतों ते सर्व रोग येऊं शकतात. ‘ऊन लागलें’, ‘ऊन बाधलें’ हे बोलण्यांतील प्रयोग मराठींत आहेत. ‘उष्माघात’ हा शब्द मात्र आमच्या पाहण्यांतील मोडी कागदांत आढळला नाहीं. यावरून ‘ज्वर’ हा शब्द उष्माघाताच्या विरुद्ध जात नाहीं, एवढें सिद्ध होतें.

परंतु तो त्याच्या बाजूनेंहि जात नाहीं. नर्मदेचें खोरें हिंवतापाचें म्हणून पूर्वापार प्रसिद्ध होतें. निमाडांत नव्यानें आलेल्या, दीर्घ मोहिमेनें थकलेल्या मनुष्यास तो ताप गांठतो व थोड्याच दिवसांत घातक होतो, हें असंभवनीय नाहीं. दूषित पाण्याचा ताप हाहि उन्हाळ्यांतलाच. पाणवठे आटतात तेव्हां उरलेल्या पाण्यावर माणसें व जनावरें एकत्र येतात. आणखी एक शक्यता अशी कीं, मूळ रोग दुसराच असावा आणि ज्वरानें आधींच तापलेल्या देहास बाहेरच्या उष्णतेनें निवूं दिलें नाहीं. अशा प्रसंगीं ऊन हें मृत्यूचें कारण म्हणावें कीं साहाय्यक म्हणावें, हा वैद्यकांतहि वादाचा विषय आहे.

आमचा निर्णय असा: मृत्यूचा दिवस नव्या पद्धतीनें ९ मे, स्थळ निमाड, अवस्था मोहिमेची, या तीन गोष्टी निश्चित. त्यांवरून उष्णतेचा त्या दुखण्याशीं संबंध असणें पुष्कळ संभवनीय ठरतें. परंतु संभव म्हणजे प्रमाण नव्हे. लक्षणांचें दिवसवार वर्णन करणारा समकालीन कागद जोंपर्यंत पुढें येत नाहीं तोंपर्यंत ‘ज्वरानें मृत्यु, ऋतु कडक उन्हाळ्याचा’ यापलीकडे इतिहासकारानें जाऊं नये. ज्यांस ‘उष्माघात’ हा शब्द वापरावयाचा असेल त्यांनीं ‘असावा’ हा शब्द त्याच्यापासून तोडूं नये.

कोणी म्हणेल, एवढ्या थोर पुरुषाच्या मृत्यूस नेमकें नांव देतां येऊं नये ही इतिहासाची उणीव होय. उणीव खरी, परंतु ती एका बाजीरावसाहेबांपुरती नाहीं. पेशव्यांचा मृत्यु झाला म्हणून तिथि राहिली, स्थळ राहिलें, समाधि राहिली. त्याच वैशाखांत त्याच तळावर किती बारगीर, किती मोतद्दार, किती ओझेकरी ‘ज्वरानें’ गेले, यांची यादी कोणीं केली असेल? उन्हाचा मृत्यु हा मोठा लपणारा मृत्यु आहे. तो पुराप्रमाणें गांवें वाहून नेत नाहीं, भूकंपाप्रमाणें घरें पाडीत नाहीं. एकेकास निरनिराळ्या आडोशास गांठतो, आणि कागदावर दुसऱ्याच रोगाचें नांव सोडून जातो. आजहि असेंच होतें. उन्हांत काम करणारा मजूर संध्याकाळीं घरीं जाऊन निजतो आणि उठत नाहीं. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडली असें येतें. अहमदाबादेनें इ. स. २०१३ मध्यें उष्णतेपासून बचावाची नगरव्यापी योजना आंखली ती इ. स. २०१० च्या तीव्र उन्हाळ्यांत मृत्यूंची संख्या एकाएकीं वाढल्याचें ध्यानांत आल्यावर. मृत्यूच्या नोंदींची संख्या ऋतूशीं ताडून पाहिली तेव्हां ही गोष्ट दिसून आली. एकेका नोंदीवरून ती दिसली नसती.

हीच रीत आपल्या जुन्या कागदांस लावून पाहण्यासारखी आहे. एका पत्रांतील ‘ऊन फार’ या शब्दांवरून कांहीं ठरणार नाहीं. परंतु अशीं दोनशें पत्रें तिथिवार मांडलीं, त्यांच्या तारखा नव्या पद्धतीनें करून घेतल्या आणि कोणत्या वर्षीं कूच पहाटेचें झालें, कोणत्या वर्षीं पाण्यासाठीं मुक्काम हालवावा लागला, कोणत्या वर्षीं घोडीं व बैल मेले, कोणत्या वर्षीं पाणपोईस अधिक खर्च पडला, हें एकत्र केलें, तर अठराव्या शतकांतील उन्हाळ्यांचा एक तक्ता हातीं येईल. पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखालीं इ. स. १९३० ते १९३४ या काळांत निघाले. ते राजकारणाच्या दृष्टीनें पुनःपुन्हां चाळले गेले आहेत, ऊनपाण्याच्या दृष्टीनें क्वचितच. आणि खासगी घराण्यांच्या रुमालांत तर असे उल्लेख विपुल असतील. कारण घरच्या माणसास लिहितांना मनुष्य राजकारणापेक्षां प्रकृति व हवा यांविषयींच अधिक लिहितो. संपादक असा मजकूर ‘निरुपयोगी’ म्हणून गाळतात. तो गाळूं नये, ही आमची विनंति आहे.

सारांश, आम्हीं येथें एक तारीख अकरा दिवसांनीं पुढें सरकविली आहे आणि एक शब्द एक पाऊल मागें घेतला आहे. बाजीरावसाहेबांची पुण्यतिथि जे तिथीनें करितात त्यांस कांहीं बदलण्याचें कारण नाहीं. वैशाख शुद्ध त्रयोदशी ही अचूक आहे. जे २८ एप्रिलास करितात त्यांनींहि ती खुशाल करावी. मात्र त्या दिवसाच्या उन्हावरून निमाडच्या त्या सोमवारचा अजमास बांधूं नये. तें ऊन आणखी अकरा दिवसांनीं यावयाचें असतें, आणि पुण्यास त्याच सुमारास, म्हणजे मे महिन्याच्या १३-१४ तारखेस, सूर्य अगदीं डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहींशी होते.

ज्या गृहस्थांच्या संग्रहीं शके १६६२ च्या चैत्र-वैशाखांतील निमाड, खानदेश अथवा माळवा येथून लिहिलेलें एखादें पत्र असेल, मग त्यांत राजकारणाचा एक शब्दहि नसो, त्यांनीं त्याची नक्कल मंडळाकडे अवश्य पाठवावी. कागद फाटका असला, आरंभ-शेवट गेलेला असला, तरी हरकत नाहीं. ‘येथें उन्हाची तलखी आहे, सरकारस्वारीस समाधान नाहीं’ एवढ्या अर्थाची एखादी ओळ निघाली, तरी या वादांत आजवर जें कोणाजवळ नाहीं तें, म्हणजे साक्षीदार, आपणांस मिळेल.